तंबूतून मैदानात

संगणकावर काही वाचीत असता एकाएकी इंटरनेटचा संपर्क तुटतो आणि क्रोम या ब्राउझरच्या पडद्यावर एक चिमुकला, करड्या रंगाचा डायनासोर उभा राहतो. कळफलकावरील लांब आडवी कळ दाबताच तो धावू लागतो. वाटेत निवडुंग आडवे येतात. आपण कळ दाबून त्याला उडी मारावयास लावतो. एखादी उडी चुकली, की खेळ संपला! मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी हा खेळ खेळला असेल.

हा खेळ २०१४ साली तयार झाला. तो खेळण्यासाठी निराळे काही विकत आणावे लागत नाही, की संगणकात बसवावेही लागत नाही. ब्राउझर उघडला, की क्रीडांगण तयारच असते. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. परंतु ब्राउझर हे मुळात पाने वाचण्याचे साधन होय. वाचनालयात बसून कोणी विटीदांडू खेळू लागावे, तसाच हा प्रकार नव्हे काय? मग वाचनालयाचे मैदान झाले तरी कसे? ती हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि तिच्यात विचार करण्यासारखेही पुष्कळ आहे.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा शहराजवळ सर्न नावाची एक विख्यात संशोधनसंस्था आहे. निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ तेथे काम करतात. त्यांना एकमेकांचे लेख सहज वाचता यावेत, म्हणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने १९८९ साली एक योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. दूरच्या संगणकावरील पान मागवावयाचे आणि ते आपल्या पडद्यावर दाखवावयाचे, एवढेच त्या ब्राउझरचे काम. पान कसे लिहावयाचे, याचे नियम ठरलेले होते. त्या नियमांच्या भाषेला एचटीएमएल असे म्हणतात. १९९३ साली सर्नने ही सारी पद्धती जगाला विनामूल्य खुली करून दिली. कोणाचीही परवानगी न घेता कोणीही ब्राउझर बनवावा, कोणीही पान लिहावे, अशी मुभा त्यामुळे सर्वांना मिळाली. या औदार्याचे महत्त्व पुढे आपल्या ध्यानात येईलच.

माणूस कोठेही गेला तरी खेळल्यावाचून राहत नाही. लवकरच काही हौशी मंडळींनी या पानांवर खेळ मांडले. पण ते कसे चालत? आपण आपली चाल पानावर नोंदवावयाची; ती नोंद दूरच्या संगणकाकडे जाई; तेथे हिशेब होई आणि नवी स्थिती दाखविणारे एक संपूर्ण नवे पान आपल्याकडे येई. पूर्वी दोन गावांतील खेळाडू टपालाने बुद्धिबळ खेळत. एकाने चाल लिहून पत्र पाठवावे आणि दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावी. तशातलाच हा प्रकार होता. बुद्धिबळाला किंवा कोड्याला एवढा विलंब चालून जाई. परंतु निवडुंग समोर आला असता उडी मारण्याची परवानगी परगावाहून यावयाची असेल, तर डायनासोरची धडगत नाही!

यावर उपाय एकच होता. खेळाचा हिशेब दूरच्या संगणकाने न करता खेळाडूच्या स्वतःच्या संगणकाने करावा. त्यासाठी पानाबरोबर प्रोग्रामही पाठविता आला पाहिजे. प्रोग्राम म्हणजे संगणकाने काय करावे, हे सांगणारी आज्ञांची मालिका.

१९९५ हे वर्ष या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. आपल्या देशात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही याच वर्षी. त्याच वर्षी अमेरिकेत दोन भाषा जन्मास आल्या. पहिली जावा. सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने ती तयार केली. जावात लिहिलेला लहानसा प्रोग्राम पानात ठेवता येई. दुसरी भाषा जावास्क्रिप्ट. नावात साम्य असले, तरी या दोन भाषा अगदी वेगळ्या आहेत. नेटस्केप कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. आरंभी ही भाषा फार मंद होती; रकान्यात मजकूर नीट भरला आहे की नाही ते पाहावे, एखादे चित्र बदलावे, अशी किरकोळ कामे तिच्याकडे असत. पुढे हीच भाषा सर्व खेळांचा भार वाहील, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

जावामध्ये मात्र मोठे खेळ होऊ लागले. इंग्लंडमधील अँड्र्यू आणि पॉल गॉवर या बंधूंनी २००१ साली ‘रूनस्केप’ नावाचा खेळ सुरू केला. त्यात असंख्य खेळाडू एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरत, आणि त्यासाठी त्यांना ब्राउझरखेरीज फारसे काही लागत नसे.

‘फारसे काही’ असे म्हणण्याचे कारण आहे. जावाचा प्रोग्राम ब्राउझरला स्वतःला समजत नसे. तो समजणारा एक स्वतंत्र प्रोग्राम ब्राउझरला जोडावा लागे. अशा जोड-प्रोग्रामला प्लग-इन म्हणतात. ही गोष्ट एका दृष्टान्ताने स्पष्ट होईल. आपल्याकडे जत्रेत फिरते चित्रपटगृह येते. गावच्या मैदानात त्याचा तंबू उभा राहतो. मैदान गावाचे, पण तंबू, पडदा, यंत्र आणि आतील व्यवस्था ही सारी तंबूच्या मालकाची. गावाजवळ स्वतःचे चित्रपटगृह नसते, तेव्हा त्या तंबूचे केवढे अप्रूप! मात्र मालकाने तंबू उठविला, की मैदान पूर्वीसारखे मोकळे. प्लग-इन हा ब्राउझरच्या मैदानात उभारलेला असाच एक तंबू होता.

अशा तंबूंत सर्वांत मोठा ठरला तो फ्लॅशचा. १९९६ साली जोनाथन गे आणि त्यांचे सहकारी यांनी हलती चित्रे बनविण्याचे एक साधन तयार केले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया या कंपनीने ते विकत घेतले आणि त्याला ‘फ्लॅश’ हे नाव दिले. फ्लॅशची खुबी कशात होती, हे समजण्यासाठी आपण थोडे गणित करू.

समजा, पडद्यावर ४०० ठिपके रुंद आणि ३०० ठिपके उंच असे एक चित्र आहे. म्हणजे ठिपके झाले १,२०,०००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अंक. तेव्हा एकूण बिट झाले २८,८०,०००. त्या काळच्या चांगल्या मोडेममधून, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून माहिती आणणाऱ्या उपकरणातून, एका सेकंदात २८,८०० बिट येत. भागाकार करा. उत्तर येते १००. चित्र संक्षिप्त करण्याची काही युक्ती योजली नाही, तर केवळ एका स्थिर चित्रासाठी शंभर सेकंद! मग धावणारी, उड्या मारणारी चित्रे आणावयाची कोठून?

फ्लॅशने ठिपके पाठविण्याऐवजी कृती पाठविली. भूमितीच्या तासाला गुरुजी सांगतात, “या बिंदूला मध्य मानून चार सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा.” वर्तुळ ते पाठवीत नाहीत, सूचना देतात, आणि वर्तुळ आपण आपल्या वहीत काढतो. त्याचप्रमाणे फ्लॅशच्या फाइलमध्ये रेषा, वक्र आणि रंग यांच्या सूचना असत. चित्र खेळाडूचा संगणक काढी. चेंडू डावीकडून उजवीकडे न्यावयाचा असेल, तर तो कोठून निघाला व कोठे पोहोचला एवढे सांगितले तरी पुरे. मधल्या जागा संगणक भरून काढी. त्यामुळे मंद तारेवरूनही गतिमान खेळ येऊ लागले. २००० साली फ्लॅशमध्ये प्रोग्राम लिहिण्याची चांगली भाषा आली, आणि मग खेळांना नुसता पूर आला.

या साधनाचा खरा लाभ लहान माणसांना झाला. तोपर्यंत खेळ बनवावयाचा म्हणजे मोठी कंपनी आणि मोठे भांडवल हवे, अशी समजूत होती. आता चित्रकला येणारा एखादा विद्यार्थी रात्री जागून खेळ तयार करी आणि सकाळी तो जगापुढे ठेवी. अमेरिकेत ‘न्यूग्राउंड्स’ या स्थळावर २००० सालापासून कोणालाही आपला खेळ मांडता येऊ लागला. लोक तो खेळत, दोष दाखवीत, गुणही देत. त्यातून कित्येक जण या कलेत तरबेज झाले. २००९ साली ‘फार्मव्हिल’ नावाचा शेतीचा खेळ आला. जमीन नांगरावी, बी पेरावे, पीक वेळेवर कापावे. उशीर झाला तर ते वाळून जाई! ज्यांनी आयुष्यात कधी नांगर पाहिला नव्हता असे कोट्यवधी लोक या पडद्यावरच्या शेतीत रमून गेले. त्याही खेळाचा आधार फ्लॅशच होता.

तथापि तंबूचे दोषही हळूहळू दिसू लागले. तंबूत काय चालले आहे, हे मैदानाच्या रखवालदाराला, म्हणजे ब्राउझरला, दिसत नसे. फ्लॅशमधील उणिवांचा फायदा घेऊन दुष्ट हेतूचे लोक दुसऱ्यांच्या संगणकांत शिरकाव करीत. फ्लॅशला संगणकाची शक्तीही पुष्कळ लागे. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की तंबूचा मालक एकच होता. २००५ मध्ये अडोबी या कंपनीने मॅक्रोमीडिया विकत घेतली, तेव्हापासून फ्लॅशची दुरुस्ती, सुधारणा आणि आयुष्य ही सारी एका अडोबीच्या हाती गेली.

२००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन आला. त्यात फ्लॅशला जागा नव्हती. २०१० च्या एप्रिलमध्ये त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एक जाहीर पत्र लिहून त्याची कारणे सांगितली. फ्लॅश सुरक्षित नाही, ते बॅटरी लवकर संपविते, ते उंदरासाठी म्हणजे माउससाठी बनले आहे, बोटाच्या स्पर्शासाठी नव्हे. शिवाय ते एका कंपनीच्या मालकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यात ॲपलचा स्वतःचाही स्वार्थ आहे, असे टीकाकार म्हणत. काही असो, लोक संगणकाकडून मोबाइलकडे वळू लागले होते, आणि तेथे हा तंबू नीट उभा राहत नव्हता. २०११ साली अडोबीने मोबाइलवरील ब्राउझरसाठी फ्लॅशचे पुढील काम थांबविले.

इकडे गावच्या मैदानातही काम सुरू झाले होते. २००४ साली मोझिला, ऑपेरा आणि ॲपल या ब्राउझर बनविणाऱ्या संस्थांनी एक गट स्थापन केला. तंबूवाचून जे होत नाही, ते ब्राउझरला स्वतःलाच करता यावे, आणि त्याचे नियम सर्वांना सारखे व खुले असावेत, असा त्यांचा हेतू होता. या खटपटीतून एचटीएमएलची पाचवी आवृत्ती सिद्ध झाली; २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. तिच्यातील एका सोयीचे नाव आहे कॅन्व्हास, म्हणजे चित्रकाराचा फलक. पानावर एक कोरी चौकट आखावी आणि तीत जावास्क्रिप्टच्या आज्ञांनी हवे ते चित्र काढावे. ते पुसून पुन्हा काढावे, पुन्हा पुसावे, पुन्हा काढावे. हे एका सेकंदात साठ वेळा झाले, की डोळ्यांना चित्र हलल्यासारखे वाटते. आपला डायनासोर असाच धावतो. वस्तुतः तो जागचा फारसा हलत नाही. निवडुंग आणि जमीन तेवढी डावीकडे सरकत असतात!

परंतु एवढ्या वेगाने चित्रे काढावयाची, तर जावास्क्रिप्टला वेग हवा. पूर्वी ब्राउझर तिची प्रत्येक ओळ वाची, तिचा अर्थ लावी आणि मग काम करी. तीच ओळ हजार वेळा आली, तर हजार वेळा अर्थ लावी. २००८ साली क्रोम ब्राउझर आला. त्यात जावास्क्रिप्टचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करून घेण्याची सोय होती. इतर ब्राउझरांनीही तशाच सुधारणा केल्या, आणि त्यांच्या चढाओढीत जावास्क्रिप्टचा वेग अनेक पटींनी वाढला. २०११ साली वेबजीएल हे तंत्र आले. संगणकात चित्रांसाठी एक निराळा प्रक्रियक असतो. वेबजीएलमुळे ब्राउझरला त्याच्याकडून काम करून घेता येऊ लागले आणि लांबी, रुंदी व खोली असलेली दृश्ये दिसू लागली. त्याच वर्षी वेबसॉकेट या पद्धतीचे नियम पक्के झाले. दर वेळी नवे पत्र टाकण्याऐवजी दोन संगणकांमध्ये टेलिफोनसारखी वाहिनी सतत उघडी ठेवण्याची ही रीत. टपालाच्या बुद्धिबळापासून आपण किती दूर आलो, पाहा!

राहिली होती ती एक अडचण. मोठे खेळ सी किंवा सी-प्लस-प्लस यांसारख्या वेगवान भाषांत लिहिलेले असतात. ते ब्राउझरमध्ये कसे चालावेत? त्यासाठी वेबअसेंब्ली नावाची एक सामाईक भाषा सर्वांनी मिळून ठरविली. ती यंत्राच्या भाषेला फार जवळची आहे. कोणत्याही वेगवान भाषेतील प्रोग्राम तिच्यात उतरवावा आणि ब्राउझरने तो जवळजवळ मूळच्याच वेगाने चालवावा, अशी ही योजना. २०१७ च्या अखेरीपर्यंत चारही प्रमुख ब्राउझर ती समजू लागले. आता मैदान सर्व बाजूंनी तयार झाले होते.

तंबू उठण्याचीही वेळ आली होती. २०१७ च्या जुलैमध्ये अडोबीने जाहीर केले, की २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद होईल. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने त्याचा सांभाळ सोडला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर फ्लॅशच फ्लॅशच्या फाइली उघडण्याचे नाकारू लागले. दोन दशकांत लिहिलेले हजारो खेळ एका फटक्यात मुके झाले. फाइली होत्या; त्यांतली अक्षरे जशीच्या तशी होती; ती वाचणारा मात्र उरला नव्हता.

ज्यांना वेळीच जाग आली, ते निभावले. ‘स्क्रॅच’ हे मुलांना प्रोग्राम शिकविणारे साधन तुमच्यापैकी काहींनी वापरले असेल. त्याची २०१३ ची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर उभी होती. ते बनविणाऱ्या मंडळींनी सारी इमारत नव्याने बांधली आणि २०१९ च्या जानेवारीत तिसरी आवृत्ती खुल्या मैदानात आणली. त्यामुळे जगभरच्या मुलांनी केलेले प्रकल्प वाचले. जावातील रूनस्केपनेही पुढे जुना तंबू सोडून दुसरे घर केले. पण पहिल्या फार्मव्हिलचे दार ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचे बंद झाले.

आणि ज्या लहान खेळांचे कर्ते विखुरले होते, पुन्हा सगळे लिहिण्याइतका ज्यांना वेळ वा पैसा नव्हता, त्यांचे काय? त्यांच्यासाठी काही स्वयंसेवक पुढे सरसावले. बेन लॅटिमोर यांनी ‘फ्लॅशपॉइंट’ नावाचा संग्रह सुरू केला. आपले ग्रंथपाल जुन्या पोथ्या गोळा करीत, तसे या मंडळींनी गावोगावचे, देशोदेशीचे खेळ शोधून एकत्र केले. आज त्या संग्रहात एक लाखाहून अधिक खेळ आहेत. दुसऱ्या एका गटाने ‘रफल’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो फ्लॅशच्या जुन्या फाइली वाचतो आणि नव्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवितो. इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतील संस्थेने २०२० च्या नोव्हेंबरात त्याच्याच साहाय्याने जुने खेळ पुन्हा सर्वांसाठी मांडले.

यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ब्राउझरमध्ये चालणारा रफल हा वेबअसेंब्लीच्या रूपात असतो. म्हणजे तंबूची जागा ज्या नव्या तंत्राने घेतली, त्याच तंत्राने तंबूतील खेळांना आसरा दिला. आजोबांची काठी गेली, तेव्हा नातवाने आपला खांदा पुढे केला, असेच म्हणावयाचे!

परंतु सर्वच खेळ असे वाचविता येत नाहीत. जो खेळ पूर्णपणे एका फाइलमध्ये असतो, तो जपून ठेवणे सोपे. फार्मव्हिलची गोष्ट वेगळी. तेथील प्रत्येक शेताची नोंद कंपनीच्या संगणकांवर होती. ते संगणक थांबले, की शेतेही गेली. मैदान खुले असले, तरी खेळाचे अर्धे अंग दुसऱ्याच्या कुलपात असेल, तर तो खेळ आपला म्हणता येत नाही. आजच्या कित्येक खेळांना हे लागू आहे.

मग फ्लॅश वाईट होते, असे समजावयाचे काय? नाही. ब्राउझरमध्ये चित्र हलू शकते, घरबसल्या एकट्या माणसाने केलेला खेळ जगभर जाऊ शकतो, हे प्रथम त्यानेच सर्वत्र पटवून दिले. तंबूतील खेळ पाहूनच गावाला आपल्या मैदानाची इच्छा झाली. उणीव होती ती एवढीच, की हजारो लोकांची निर्मिती एका मालकाच्या दोरखंडांवर तोललेली होती. एचटीएमएलचे नियम मात्र सर्नने पहिल्यापासूनच सर्वांचे केले होते. म्हणून सर्वांत जुने पान आजच्या ब्राउझरमध्येही उघडते.

तुमच्यापैकी काही जण उद्या स्वतःचे खेळ तयार करतील. त्या वेळी चित्रे कशी असावीत, गुण कसे मोजावेत, याचा विचार तुम्ही कराल, तो करावाच. पण त्याबरोबर एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: माझा खेळ कोणाच्या जमिनीवर उभा आहे? आणि पुढल्या वेळी इंटरनेट बंद पडून तो चिमुकला डायनासोर धावू लागला, म्हणजे त्याच्या पायांखालच्या जमिनीकडेही एकदा पाहा. ती तयार करण्यासाठी अनेक देशांतील अनेक माणसे वर्षानुवर्षे झटली आहेत.